साखरेचे भांडे

'क्युबा या देशास जगाचे साखरेचे भांडे म्हणतात.' हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत पाठ केले. गाळलेल्या जागा भरा या प्रश्नात ते हमखास यायचे आणि हक्काचा एक मार्क देऊन जायचे. पुढे मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो. २००३ साली टिपणांची पहिली वही तयार केली, तेव्हा 'एका पिकावर चालणारी अर्थव्यवस्था' या मथळ्याखाली तेच वाक्य इमानेइतबारे उतरवून काढले. वहीची पाने पिवळी पडली, पण वाक्य तसेच राहिले. वर्गातली निम्मी मुले ऊसवाल्यांचीच असल्यामुळे हे वाक्य सांगताना मला विशेष हुरूप यायचा. आपल्या चिकोडी-रायबागसारखाच एक देश समुद्रात आहे, असे मी म्हणायचो आणि मुले हसायची.

ती वही आठवायला कारण घडले ते माद्रिदमध्ये, तेही जेवणाच्या टेबलावर.

माझ्या अक्काची मुलगी नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून माद्रिदला आहे. अक्का लग्न होऊन गोकाककडे कन्नड घरात गेली, त्यामुळे भाचीची मातृभाषा कोणती असे कोणी विचारले तर ती "अर्धी आईची, अर्धी अप्पांची" असे उत्तर देते. माझ्याशी ती मराठीत सुरू करते आणि घाई झाली की वाक्य कन्नडमध्ये संपवते. आता त्यात स्पॅनिशची भर पडली आहे. २०२५च्या मे महिन्यात सुट्टी काढून मी आणि माझी पत्नी तिच्याकडे दहा दिवस गेलो होतो.

निघण्याआधी धाकट्या भावाने एक प्रश्न माझ्यासमोर टाकला होता. घरचा साडेतीन एकर ऊस आहेच. शाळूचे दोन एकर राहिले आहेत, तेही पुढच्या आडसालीला उसाखाली आणावेत का? पाण्याची सोय झाली होती. गेल्या हंगामातले एका कारखान्याकडचे बिल अजून यायचे होते, तरीही भावाचा कल ऊस लावण्याकडेच होता. शिकलेला म्हणून माझे मत हवे होते. "जाऊन येतो, मग बघू," म्हणून मी वेळ मारून नेली होती.

रविवार होता. रविवारी सकाळी माद्रिदच्या जुन्या भागात 'रास्त्रो' नावाचा प्रचंड जुना बाजार भरतो. आपल्या शनिवारच्या बाजारात काय मिळत नाही असे विचारावे, तसेच तिथेही विचारावे लागते. जुनी कुलपे, पितळी नळ, कुणाच्या तरी आजीचे फोटो, चामड्याच्या पिशव्या असे सगळे उतारावरून खाली पसरलेले असते. या बाजाराच्या माथ्यावर 'प्लासा दे कास्कोरो' हा चौक आहे आणि चौकात एका साध्या शिपायाचा पुतळा आहे. खांद्याला बंदूक, काखेत पत्र्याचा डबा, हातात पलिता आणि अंगाला दोर. राजे, सेनापती, घोडे यांचे पुतळे पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना हा शिपाई वेगळा वाटला, म्हणून भाचीला विचारले.

त्याचे नाव एलॉय गोन्सालो. माद्रिदच्या अनाथालयात सोडलेले मूल. १८९६ साली क्युबात स्पेनच्या फौजेत असताना कास्कोरो नावाच्या गावी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्युबन लोकांनी त्यांच्या तुकडीला वेढा घातला. शत्रू ज्या घरात दबा धरून होता ते घर रॉकेलचा डबा घेऊन पेटवून देण्याचे काम याने अंगावर घेतले. मेलो तर प्रेत तरी ओढून परत आणता यावे, म्हणून अंगाला दोर बांधून घेतला. घर पेटवून तो जिवंत परत आला. पुढच्या वर्षी क्युबातच आजारपणाने गेला. १८९८ साली स्पेनने क्युबा गमावला आणि १९०२ मध्ये इथे हा पुतळा उभा राहिला. हरलेल्या युद्धाचा पुतळा! आजही स्पेनमध्ये काही नुकसान झाले की लोक एकमेकांची समजूत घालताना म्हणतात, क्युबात यापेक्षा जास्त गमावले होते. म्हणजे घरातली बशी फुटली तरी क्युबाची आठवण निघते.

"मामा, मग आज क्युबाचंच जेवूया," भाची म्हणाली. "लावापिएसमध्ये एक छोटं हॉटेल आहे. मला घरची आठवण आली की मी तिथं जाते."

माद्रिदमध्ये राहून घरची आठवण आली तर क्युबन हॉटेलात का जायचे, हे काही कळले नाही. पण आम्ही निघालो.

रास्त्रोपासून लावापिएस चालत दहा मिनिटांवर. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, वर लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. हा बाहेरून आलेल्या लोकांचा मोहल्ला. बांगलादेशी किराणा दुकाने आहेत, सेनेगलचे लोक आहेत, मोरोक्कोचे आहेत. एका दुकानाबाहेर कारल्याची पेटी दिसली तेव्हा माझ्या पत्नीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तिला युरोपात आल्यापासून पहिल्यांदाच ओळखीचे कोणी भेटले होते.

हॉटेल म्हणजे आठ टेबलांची खोली. पंखा फिरत होता, भिंतीला समुद्राच्या पाण्याचा निळा रंग आणि त्यावर एका काळ्या गायिकेचा मोठा फोटो: डोक्यावर भलामोठा टोप, तोंड उघडे, दोन्ही हात पसरलेले. दुपारचे अडीच वाजले होते. स्पेनमध्ये ही जेवणाची सुरुवात. आमच्या पोटात मात्र साडेबारापासून कावळे ओरडत होते.

मालकीणबाई साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, कमरेला एप्रन. भाचीला पाहताच त्यांनी दोन्ही गालांना गाल लावले आणि आमच्याकडे पाहून काहीतरी विचारले. भाचीने आमच्यासाठी ते उलथे केले: "विचारतात, हेच का ते मामा, जे वांगं सोडून सगळं खातात." परक्या शहरात आपली कीर्ती अशी आधीच पोहोचलेली असते.

कार्डावर पहिलेच नाव 'रोपा व्हिएखा'. अर्थ, जुने कपडे. मांस तासन्‌तास शिजवून, त्याचे धागे मोकळे करून टोमॅटो-मिरचीच्या रश्शात घोळवतात. ताटात ते फाटक्या चिंध्यांसारखे दिसते म्हणून हे नाव. क्युबाचा हा सगळ्यात नावाजलेला पदार्थ. तो गाईच्या मांसाचा असल्याने आम्ही नम्रपणे नाही म्हटले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही. क्युबातही तो कुणाला मिळत नाही."

मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. क्युबात सरकारी परवानगीवाचून गुरे कापणे हा कित्येक दशके मोठा गुन्हा होता. गाय स्वतःच्या गोठ्यातली असली तरी वर्षानुवर्षे तुरुंगात जावे लागे. कारण धर्माचे नाही, टंचाईचे. गुरे कमी, दूध लहान मुलांना हवे, म्हणून कायदा. २०२१ मध्ये नियम थोडे सैल केले, पण तोवर गोठेच ओस पडले होते. त्यामुळे तिथल्या घराघरांत 'जुने कपडे' हा पदार्थ मेंढीच्या नाहीतर डुकराच्या मांसाचा होऊन बसला, आणि गाईच्या मांसाचा मूळ पदार्थ राहिला तो देश सोडून गेलेल्यांच्या हॉटेलांत. "माझ्या भावाची मुलं मोठी झाली," बाई म्हणाल्या, "त्यांना मी इथं काय रांधते त्याचे फोटो पाठवते. आधी पाठवायची. आता नाही पाठवत."

आम्ही मागवले ते असे: काळ्या शेंगदाण्यांच्या... नव्हे, काळ्या दाण्यांच्या शेंगेची उसळ आणि भात, लसणीच्या पाण्यातला युका, तळलेली कच्ची केळी आणि माझ्यासाठी भाजलेली कोंबडी. त्या काळ्या दाण्याला मराठी नाव काय द्यावे या विचारात मी अजून आहे. राजम्याच्याच जातीचा, पण आकाराने लहान आणि कुळकुळीत काळा.

भात आणि हा दाणा एकत्र शिजवला की त्याला 'मोरोस ई क्रिस्तियानोस' म्हणतात, म्हणजे मूर आणि ख्रिश्चन. दाणा काळा म्हणून मूर, भात पांढरा म्हणून ख्रिश्चन. ७११ साली उत्तर आफ्रिकेतून मूर मुसलमान स्पेनमध्ये आले आणि १४९२ मध्ये ग्रानाडा पडेपर्यंत कुठे ना कुठे त्यांचे राज्य होते. जवळजवळ आठशे वर्षांचे राज्य, लढाया आणि शेजार. ते सगळे समुद्रापलीकडे जाऊन एका भाताच्या नावात बसले. पण नेहमीच्या पद्धतीने त्यात डुकराची चरबी पडते. माझी पत्नी ती खात नाही, हे भाचीने सांगताच बाई म्हणाल्या, मग मी वेगवेगळे देते. दाणे तेलातले आहेत. त्यामुळे आमच्याकडे मूर वाटीत आले आणि ख्रिश्चन ताटात, आणि कालवण्याचे काम आम्हालाच करावे लागले. भाचीने चमचा बाजूला ठेवून सरळ हाताने सुरुवात केली.

पहिला घास घेतला आणि भाची इथे का येते ते कळले. जिरे! स्पेनच्या आठ दिवसांत जिऱ्याची अशी ठसठशीत चव पहिल्यांदाच आली. क्युबन स्वयंपाकाचा पाया 'सोफ्रीतो' म्हणजे तेलात कांदा, लसूण, ढोबळी मिरची, टोमॅटो परतून घ्यायचे, त्यात जिरे आणि तमालपत्र, आणि मग ते दाण्यावर. "मामी, वग्गरणीच की!" भाची म्हणाली. खरोखरच उसळीला घातलेली फोडणी. फक्त मोहरी नाही आणि तिखट नाही. क्युबन माणूस तिखट खात नाही, हे ऐकून आमचा भ्रमनिरास झाला. इतके दिवस मला वाटत होते की उष्ण देश म्हटला की ठेचा आलाच.

युका हे कंद आपल्या ओळखीचे आहे, पण तोंडओळख नाही. हाच कसावा, ज्याच्या पिठाचा तमिळनाडूत सेलमकडे साबुदाणा करतात. आपल्या एकादशीची खिचडी ज्यापासून होते ते मूळ कंद मी ताटात प्रथमच अख्खे पाहिले. उकडून, वर लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि कडकडीत तेल ओततात. त्याला 'मोखो' म्हणतात. हे कंद मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस येण्याआधी तिथले मूळ रहिवासी याचीच भाकरी करीत. पत्नीने विचारले, हे उपासाला चालेल का? लसूण वगळून चालेल असे आमचे तिघांचे एकमत झाले. केळ्यांचे काप एकदा तळायचे, मग चेचून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे, हा प्रकार मात्र घरी येऊन करण्याजोगा आहे. आम्ही केला. पहिल्यांदा जमला नाही, कारण केळी पिकायला लागलेली होती; ती पुरी हिरवी हवीत.

साडेतीननंतर गर्दी ओसरली. जेवण झाल्यावर टेबलावरून न उठता गप्पा मारत बसायला स्पॅनिशमध्ये खास शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. बिल कोणी आणून ठेवत नाही, उठायची खूण कोणी करत नाही. बाई कॉफीची विचारपूस करायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. आम्ही सकाळी काय पाहिले, असे त्यांनी विचारले. भाचीने कास्कोरोचा पुतळा सांगितला.

"कास्कोरो आमच्याच कामागुए प्रांतात," त्या म्हणाल्या. "शाळेत असताना सहलीला नेलं होतं. आम्हाला त्या लढाईत वेढा घालणारे शिकवले. रॉकेलचा डबा घेतलेला माणूस मला इथं माद्रिदला आल्यावर कळला." त्यांचे आजोबा स्पेनच्या अस्तुरियासमधून पोटासाठी क्युबात गेलेले. म्हणजे एक घराणे, आणि त्याच लढाईच्या दोन गोष्टी. आम्हा सीमाभागातल्या माणसांना यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. मी आणि भाची एकमेकांकडे पाहून नुसते हसलो.

मग मी माझी हुशारी दाखवायला गेलो. भाचीला म्हटले, बाईंना सांग की आम्हीही उसाच्या मुलुखातले. आणि मी मुलांना शिकवतो की क्युबा म्हणजे जगाचे साखरेचे भांडे.

भाचीने सांगितले. बाईंनी टेबलावरची साखरेची पुडी उचलली, माझ्यासमोर धरली आणि विचारले, "ही कशाची आहे माहीत आहे?" मी गप्प. "बिटाची," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या आईकडे हीसुद्धा नाही."

त्यांचे वडील साखर कारखान्याच्या रेल्वेवर इंजिन चालवायचे. क्युबात कारखान्याला 'सेंत्राल' म्हणतात आणि त्याच्याभोवती वसलेल्या वस्तीला 'बातेय'. ऊस गाडीने यायचा, त्यासाठी प्रत्येक मोठ्या कारखान्याचे स्वतःचे रूळ. (क्युबात पहिली रेल्वे १८३७ साली धावली, तीही साखरेसाठीच. खुद्द मालक देश स्पेनमध्ये ती १८४८ मध्ये आली आणि आपल्या मुंबई-ठाण्याला १८५३ मध्ये.) वस्तीत शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, बेसबॉलचा संघ कारखान्याचा. भोंगा झाला की पाळी बदलायची. भोंग्यावर बायका भात चढवायच्या, मुले शाळेतून सुटायची. २००२ साली सरकारने एका फटक्यात देशातले जवळजवळ निम्मे कारखाने बंद केले. १५६ पैकी ७१. त्यात त्यांचाही होता.

"कामगारांना काढलं नाही," बाई म्हणाल्या, "पगार देऊन शाळेत बसवलं. माझे वडील छप्पन वर्षांचे, वही-पेन्सिल घेऊन वर्गात. पण सगळ्यात वाईट काय झालं सांगू? भोंगा बंद झाला. पहिले काही महिने गावाला बारा कधी वाजले तेच कळायचं नाही. आई सकाळी दहालाच भात चढवून बसायची."

हे भाचीने मला निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडमध्ये सांगितले. भोंग्याला तिने 'कूगु' हा शब्द वापरला, म्हणजे हाक. आमच्या गावात हंगामात रात्री वारा इकडचा असला की कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. अप्पा अजून त्यावर घड्याळ लावतात.

त्या रात्री भाचीच्या घरी बसून मी क्युबाच्या साखरेचा हिशेब काढला. १९६० मध्ये अमेरिकेने क्युबाची साखर घेणे थांबवले, तेव्हा सोव्हिएत युनियन पुढे आला आणि बाजारभावापेक्षा चढ्या दराने ती घेऊ लागला. वर तेलही द्यायचा. गिऱ्हाईक एक, पीक एक. १९७० साली फिडेल कॅस्ट्रोंनी एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडला. साऱ्या देशाला ऊसतोडीला लावले, नाताळची सुट्टी पुढे ढकलली. झाली सुमारे ८५ लाख टन. क्युबाचा तो आजवरचा उच्चांक, तरीही देशभर हार मानली गेली. ऐंशीच्या दशकात ७०-८० लाख टन ठरलेले असायचे. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन मोडला आणि एका वर्षात गिऱ्हाईक गेले, डिझेल गेले, खत गेले. अमेरिकेची व्यापारबंदी तर १९६२पासून होतीच. यंत्रे जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, बी-बियाणे हलके झाले. २०२२-२३ला साखर साडेतीन लाख टनांवर आली. २०२४-२५च्या हंगामात दोन लाखांच्याही आत. वर्षाला दहा लाख टन ऊस गाळणारे आपल्याकडचे दोन कारखाने मिळून एवढी साखर पाडतात. साखरेचे भांडे आता साखर बाहेरून आणते.

आणि मला सगळ्यात लागले ते साल. २००२. मी वही लिहिली २००३मध्ये. म्हणजे ते वाक्य मी ज्या दिवशी उतरवून घेतले, त्या दिवशीच ते शिळे होते. बावीस वर्षे मी मुलांना ते ताजे म्हणून वाढले.

पण दुपारच्या टेबलावर परत येऊ, कॉफी राहिली आहे.

बाईंनी ती आमच्यासमोरच केली. चुलीवरच्या छोट्या किटलीतून दाट कॉफीचे पहिले चार थेंब पडले की ते साखरेत घालायचे आणि चमच्याने फेटत राहायचे. साखर पांढुरकी होऊन तिचा फेस होतो; उरलेली कॉफी त्यावर ओतायची. एवढ्याशा कपात एवढी साखर पाहून पत्नीने माझ्याकडे डोळे वटारले, कारण माझी साखर सीमारेषेवर आहे. (आमच्याकडे सगळेच सीमारेषेवर असते.) मी हळूच म्हटले, साखर जरा कमी. भाची ते सांगेपर्यंत बाईंनी ओळखले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून ओरडल्या, "अझुकार!"

ती गायिका सेलिया क्रूस. क्युबाची. तिची एक गोष्ट प्रसिद्ध आहे: मायामीतल्या एका हॉटेलात वेटरने तिला कॉफीत साखर हवी का असे विचारले. तू क्युबाचा असून हे विचारतोस, असे म्हणून ती गरजली, साखर घालूनच! हा किस्सा ती कार्यक्रमात सांगू लागली आणि पुढे पुढे नुसता तो एक शब्द, अझुकार, तिने रंगमंचावर पाऊल टाकताच ओरडायचा आणि लोकांनी उसळायचे असे ठरून गेले. १९६० साली ती देशाबाहेर पडली. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा तिला अंत्ययात्रेला येऊ दिले नाही. २००३ मध्ये ती अमेरिकेत गेली, तेव्हा क्युबाची जपून ठेवलेली मूठभर माती तिच्यासोबत पुरली.

"अझुकार म्हणजे सक्करीच ना?" पत्नीने विचारले. तिच्या माहेरी कन्नड नाही, पण पंधरा वर्षे बेळगावात काढल्यावर तिचा कान तयार झाला आहे. तिचे म्हणणे अगदी खरे. संस्कृत शर्करा, तिची फारसी-अरबीत सुक्कर झाली, अरबांबरोबर ती स्पेनमध्ये गेली आणि अझुकार झाली. आपल्याकडे तीच साखर, तीच सक्करी. ऊसही त्याच वाटेने गेला. अरबांनी तो स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर लावला, तिथून कॅनरी बेटांवर, आणि १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत अटलांटिकपलीकडे. पुढे तो तोडायला लाखो आफ्रिकन माणसे बेड्या घालून नेली. क्युबात गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडले. क्युबा हातचा गेल्यावर स्पेनने बिटाची साखर जोरात वाढवली. मघाची पुडी ती ही.

मी तो कप पूर्ण प्यालो. साखर जशी होती तशी.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी लगबगीने उचलला आणि उभ्यानेच बोलू लागल्या. पलीकडे त्यांची आई. क्युबात तेव्हा सकाळचे दहा-साडेदहा. वीज आली की आई फोन करते, मग इकडे काही का चालले असेना, भाची म्हणाली. २०२४च्या ऑक्टोबरात साऱ्या बेटाची वीज एकदम गेली होती, तेव्हा बाईंनी तीन दिवस हॉटेल उघडले नव्हते. भावाने आजोबांच्या कागदपत्रांवर स्पेनच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. बाहेर गेलेल्या स्पॅनिश लोकांच्या नातवंडांसाठी २०२२ साली तसा कायदा झाला. म्हणजे आजोबा पोटासाठी अस्तुरियासहून क्युबाला गेले आणि नातू पोटासाठी परत. आई मात्र यायला तयार नाही. कारखान्याचे नुसते धुराडे उरले आहे, पण दारातून ते दिसते, एवढे तिला पुरते.

बाई बोलत होत्या त्यातले मला दोनच शब्द कळले. एक 'मामा', जो स्पॅनिशमध्ये आईला म्हणतात. दुसरा 'आर्रोस', भात. आईने काय जेवलीस असे विचारले असावे. किंवा बाईंनी आईला.

भाचीने लगेच आपला फोन काढला. "आपल्याकडे आता आठ वाजलेत. अज्जांना लावते." अप्पा फोनवर आले की प्रथम मोठ्याने बोलतात, परदेश लांब आहे म्हणून. भाचीने कन्नडमध्ये विचारले, "अज्जा, ऊटा आतेनु?" झाले म्हणाले, भाकरी आणि आमटी. मग मी फोन घेतला. कुठे आहेस, काय खाल्लेस, हे झाले. मी सांगितले की इथे एक बाई भेटल्या, तुमच्यासारख्याच उसाच्या गावच्या. त्यांचे वडील कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, आता ऊसच नाही म्हणतात.

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटले, आता शाळूच्या दोन एकरांचे काहीतरी काढणार. भाऊ शेजारीच बसलेला असणार, त्याचा खोकला ऐकू आला.

"ते असूं दे," अप्पा म्हणाले. "चालू होता तेव्हा टनाला काय दर देत होते, तेवढं विचार."

मी बाईंकडे पाहिले. त्या अजून फोनवरच होत्या.